आमच्या शेतावरून ४०० केव्हीची लाईन गेली : ग्रामसभा, प्रांत ऑफिस आणि कंपनी, तिघांचा रिव्ह्यू

हॉटेलचे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मला जो लिहायचाय तो आमच्या गावच्या ग्रामसभेचा आहे आणि त्याच्यासोबत प्रांत ऑफिसचा आणि लाईन टाकणाऱ्या कंपनीच्या माणसांचा. गेलं वर्षभर या तिन्ही ठिकाणी आमच्या घराने चकरा मारल्यात म्हणून लिहिते. गावाचं, ऑफिसचं, कंपनीचं नाव लिहिणार नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, पण ज्यांच्या शेतात उद्या लाल खुंट्या दिसणारेत त्यांना हे वाचून थोडा तरी उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

तर आमचं गाव सोलापूरच्या बाजूचं. द्राक्ष, डाळिंब, थोडा ऊस. हायटेन्शन लाईन आमच्या पट्ट्याला नवीन नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाला जोडली गेली, म्हणजे अख्ख्या देशाची एक ग्रिड जी झाली ती आमच्या बाजूच्या शेतांवरून. आमच्या नानांना हे पाठ आहे आणि ते अभिमानानेच सांगतात. पण अभिमान वेगळा आणि आपल्या बागेत खुंटी सापडणं वेगळं.

गेल्या वर्षी जूनमध्ये आईचा फोन आला, द्राक्षात कुणीतरी लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेलंय, विचारलं तर म्हणे सर्व्हे आहे. जमीन आईच्या नावावर, सहा एकर, बाबा गेल्यानंतर वारस लागलेत. मी पुण्यात नोकरीला. आई एकटी आणि शेजारचे आप्पा वाट्याने ऊस करतात. कुणाचा सर्व्हे, कुठली लाईन, काही नोटीस नाही, फोन नाही, तलाठ्याकडे विचारलं तर त्यांनाही नीट माहिती नव्हती. पहिला रिव्ह्यू इथंच देऊन टाकते, माहिती देण्याच्या बाबतीत कंपनीला पाचपैकी एक. आणि तो एक पण त्यांच्या फिल्डवरच्या एका तरुण पोराला, ज्याने आईला मोबाईलवर नकाशा दाखवला आणि हा कोपऱ्याचा टॉवर नाही, सरळ लाईनीतला आहे काकू, पुढेमागे सरकू शकतो असं खरं खरं सांगितलं. त्या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं उभं राहिलं.

नंतर कळलं की जाहिरात आली होती. अशा लाईनीसाठी पेपरात आणि राजपत्रात जाहिरात द्यायची असते, त्यात कुठल्या तालुक्यातल्या कुठल्या गावांवरून लाईन जाणार त्यांची नावं असतात आणि दोन महिन्यांत हरकत घ्या म्हणून लिहिलेलं असतं. आमच्या गावाचं नाव त्यात होतं. दोन महिने कधीच संपले होते. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर त्याची एक झेरॉक्स लागली असती तर काय बिघडलं असतं मला खरंच कळत नाही, गावात पेपर येतात तीन आणि त्यातली मागच्या पानावरची बारीक अक्षरातली जाहिरात कोण वाचणार. म्हणून तुमच्या भागात कुठंही नवीन सबस्टेशन होतंय असं कानावर आलं ना, तर त्याच दिवसापासून या जाहिराती बघायला लागा, खुंटी ठोकायची वाट बघू नका.

आता ग्रामसभेकडे येते, कारण खरा रिव्ह्यू तिचा आहे.

आम्ही दहाबारा घरांनी मिळून सरपंच ताईंना अर्ज दिला की या एकाच विषयावर विशेष ग्रामसभा घ्या. त्यांनी ऐकलं, टाळाटाळ केली नाही. पहिली तारीख पडली आणि गणपूर्तीच झाली नाही. नियम असा की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं पाहिजेत. आली ४३. मी पुण्याहून सुट्टी टाकून आलेले, मला इतकं वाईट वाटलं की तिथंच रडू यायचं बाकी होतं. कारण विचारलं तर लोक म्हणे आमच्यात टॉवर नाही मग आम्ही येऊन काय करू. हे वाक्य लक्षात ठेवा, याच्यावर पुढे बोलायचंय.

दुसऱ्या तारखेच्या आधी आम्ही एक काम केलं. गावचा गट नकाशा मोठा प्रिंट करून घेतला आणि त्या फिल्डवरच्या पोराने दिलेल्या टॉवरच्या जागा त्याच्यावर पेन्सिलने टाकल्या. मग पट्टी घेऊन लाईनीच्या दोन्ही बाजूला २३–२३ मीटर आखले. ४०० केव्हीला कॉरिडॉर, म्हणजे तारेखालचा पट्टा, धरतात ४६ मीटर रुंद, २२० ला ३५, १३२ ला २७, आणि ७६५ ला ६४ च्या पुढे. त्या पट्ट्यात कुठकुठले गट येतात ते लाल केले. टॉवर होते ७ आणि लाल झालेले गट निघाले ३१! तो नकाशा पारावर लावला. दुसऱ्या सभेला देवळाच्या सभामंडपात बसायला जागा नव्हती.

आदल्या दिवशी महिला सभा झाली आणि ती नुसती सह्यांपुरती झाली नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. आईने तिथं विचारलं की पंचनाम्यात आमच्या बांधावरचा आंबा धरणार का, आणि त्याची किंमत कोण ठरवणार. दुसऱ्या एका मावशींनी विचारलं ते जास्त महत्त्वाचं होतं. त्या वाट्याने शेती करतात, स्वतःच्या नावावर सातबारा नाही, उभ्या पिकातून क्रेन गेली तर पैसे मालकाला मिळणार आणि मालक पंढरपुरात. पीक तर आमच्या घामाचं. हा प्रश्न दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत गेला आणि त्याच्यावर पाऊण तास चर्चा झाली, भांडण म्हणा. शेवटी ठरावात आलं की जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या मालकाला पण पिकाची भरपाई जो कसतोय त्याला, आणि पंचनाम्यावर कसणाऱ्याचीही सही घ्यायची. कायद्याच्या दृष्टीने हे किती टिकेल याचा भरवसा नाही पण गावातल्या मालकांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं आणि अजून तरी पाळलंय.

सभेत सुरुवातीला एकच गोंगाट होता, लाईन होऊच द्यायची नाही, टॉवर पाडू, रस्ता रोको. मला राग समजतो, माझाही तोच होता. पण आमच्या गावचे एक वकील काका आहेत, त्यांनी उठून अर्धा तास जे समजावलं ते प्रत्येक गावात कुणीतरी समजावलं पाहिजे. थोडक्यात सांगते.

वीज कायदा २००३, त्याचं कलम १६४. सरकार आदेश काढून लाईन टाकणाऱ्या कंपनीला, सरकारी असो की खाजगी, टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं. टेलिग्राफ कायदा म्हणजे १८८५ चा, इंग्रजांनी तारायंत्राच्या खांबांसाठी केलेला. आता २०२३ चा नवीन दूरसंचार कायदा आला तरी वीज लाईनीपुरता तो जुना कायदा चालूच ठेवलाय. त्याच्या कलम १० प्रमाणे कंपनी कुणाच्याही जमिनीवरून तार नेऊ शकते, खांब उभा करू शकते, जमीन विकत न घेता. मालकी तुमचीच राहते, सातबारा तुमचाच, त्यांना फक्त वापराचा हक्क मिळतो. पण त्याच कलमात लिहिलंय की नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. कुणी अडवलं तर कलम १६ खाली कलेक्टर परवानगीचा आदेश देतात आणि मग पोलीस बंदोबस्तात काम होतं. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं. सुप्रीम कोर्टानेही सेंच्युरी टेक्सटाइल्सच्या केसमध्ये सांगितलंय की अशा अधिकाराखाली काम असेल तर जमीनमालकाची आधी संमती लागत नाही. आणि मालकाचीच लागत नाही म्हटल्यावर ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यावर लाईन अडेल ही आशा सोडा असं काका म्हणाले.

सभामंडपात एकदम शांत झालं. मागून एक पोरगा ओरडला, मग आपण इथं कशाला जमलोय.

काकांचं उत्तर असं होतं की लाईन जाणार का हे आपल्या हातात नाही पण कशी जाणार हे बरंच आपल्या हातात आहे, फक्त ते आत्ता बोलावं लागेल, फाउंडेशनचा खड्डा पडल्यावर नाही. आणि त्यांनी गोव्याचं उदाहरण दिलं. तिथं तमनार प्रकल्पाच्या ४०० केव्ही लाईनीसाठी मोले अभयारण्याच्या बाजूने जंगल तोडायचं होतं, २०२० मध्ये लोकांनी केवढं मोठं आंदोलन केलं, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या सीईसीने, म्हणजे केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने, शिफारस केली की नवीन जंगल तोडू नका, जुनी लाईन जिथून जाते त्याच पट्ट्यातून न्या. लाईन रद्द करा असं समितीने म्हटलं नाही, रस्ता बदला म्हटलं. आदिवासी भागात तरी ग्रामसभेची संमती लागत असेल ना असं कुणीतरी विचारलं, तर वनहक्क कायद्याखाली जंगलजमिनीसाठी ती लागते पण २०१३ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पर्यावरण खात्याने पत्र काढून रस्ते, कालवे, वीज लाईनी अशा लांबट प्रकल्पांना त्यातून सूट दिली, आदिम जमातींच्या हक्कांना धक्का लागत असेल तेवढं सोडून. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. ज्या गावाचं जंगल जातं त्या गावाला विचारायची पण गरज नाही हे बरोबर नाही आणि हे बदललं पाहिजे.

अंडरग्राउंड केबलचा विषय निघालाच. माळढोक पक्ष्यासाठी कोर्टाने २०२१ मध्ये लाईनी जमिनीखाली घ्यायला सांगितल्या होत्या मग माणसांसाठी का नाही, हा प्रश्न आमच्याच एका कॉलेजच्या पोरीने विचारला. मला तिचं कौतुक वाटलं. पण त्याच कोर्टाने मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलला कारण एवढ्या जास्त दाबाच्या लांब पल्ल्याच्या लाईनी सगळीकडे जमिनीखाली घेणं जमणारं नाही असं दिसलं. आणि केबल खाली घेतली तरी तिच्यावर द्राक्ष लावता येत नाही, खोल मुळ्यांचं काहीच नाही, ते वेगळंच.

मग आला पैशाचा विषय आणि इथं मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण इथंच सगळी गावं फसतात. सगळं भांडण टॉवरवर होतं. टॉवरला किती देणार, मोबाईल टॉवरसारखं महिन्याला भाडं देणार का. नाही, भाडं नाही, एकदाच मिळतं. आणि खरा पैसा टॉवरमध्ये नाहीच, तारेखालच्या पट्ट्यात आहे.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना होती, टॉवरच्या चार पायांमधल्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि कॉरिडॉरला जास्तीत जास्त १५ टक्के. १४ जून २०२४ ला नवीन आली, त्यात टॉवरला २०० टक्के, आणि जागा मोजताना पायांच्या बाहेर प्रत्येक बाजूला एक एक मीटर जास्त धरायचा, कॉरिडॉरला ३० टक्के. मार्च २०२५ मध्ये अजून एक आली, त्यात नगरपालिका हद्दीत कॉरिडॉरला ४५ टक्के आणि महापालिका हद्दीत ६० टक्के, खेड्यात ३० च. या सूचना केंद्राच्या आहेत, राज्य आपापला जीआर काढतं आणि आपल्या महाराष्ट्राचे स्वतःचे जीआर आहेत, त्यामुळे तुमच्या लाईनीला कुठला लागू हे लेखी विचारा, तोंडी नाही.

आता हिशोब बघा. समजा सरकारी दराने एका आरची, म्हणजे १०० चौरस मीटरची, किंमत २५ हजार. टॉवरच्या पायांमधलं अंतर १२ मीटर धरलं तर नवीन पद्धतीने १४ गुणिले १४ म्हणजे १९६ चौरस मीटर, साधारण दोन आर, ५० हजाराचे दोनशे टक्के म्हणजे एक लाख. आणि लाईन तुमच्या शेतावरून २०० मीटर जाते तर २०० गुणिले ४६ म्हणजे ९२०० चौरस मीटर, ९२ आर, सव्वादोन एकराच्या वर! त्याची किंमत २३ लाख, त्याचे ३० टक्के म्हणजे ६ लाख ९० हजार. जुन्या पद्धतीने तेच टॉवरचे साधारण ३० हजार आणि कॉरिडॉरचे ३ लाख ४५ हजार. म्हणजे लोक एका लाखासाठी भांडत बसतात आणि जवळजवळ सात लाखांचं कुणी नावच काढत नाही. ज्यांच्यात टॉवर नाही ते तर सभेलाच येत नाहीत, आणि कॉरिडॉरचे पैसे त्यांनाही आहेत. आमच्या पारावरच्या नकाशाने हे ३१ घरांना दाखवलं, एवढ्या एका कामासाठी मी आमच्या ग्रामसभेला पाचपैकी साडेचार देईन.

त्या ९२ आरात तुम्ही शेती करू शकता पण घर बांधता येत नाही, विहिरीवर शेड घालता येत नाही, नारळ, साग, आंबा असं उंच झाड ठेवता येत नाही. ४०० केव्हीची तार जमिनीपासून कमीत कमी ८.८४ मीटर वर पाहिजे, आणि उन्हाळ्यात तार तापून खाली झोळते त्या वेळीसुद्धा ते अंतर पाहिजे. ऊसवाल्यांना एक महत्त्वाचं, लाईनीखाली पाचट पेटवायचं नाही, धूर आणि ज्वाळेतून वीज खाली उतरू शकते. आमच्याकडे पाचट जाळायची सवय अजून आहे म्हणून सभेत हे दोनदा सांगितलं गेलं.

द्राक्षवाल्यांचा प्रश्न वेगळा होता आणि तो कंपनीच्या आरओडब्ल्यूवाल्या, म्हणजे लाईनीच्या वाटेचं आणि भरपाईचं बघणाऱ्या, साहेबांना आधी कळलाच नाही. द्राक्षाचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं, एकरभर पसरलेलं. वरून ४०० केव्ही गेलं की या तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात, इंडक्शनमुळे, म्हणजे न चिकटताही वरच्या लाईनीमुळे खालच्या तारेत थोडी वीज येते. बायका दिवसभर मांडवाखाली थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करायचं काम, करतात, हात वर तारेलाच असतात. उपाय आहे, मांडव ठिकठिकाणी अर्थिंग करायचा, आणि तारेचं कुंपणही. पण करायचा कुणी, कुणाच्या खर्चाने? ठरावात आलं की कंपनीने करून द्यायचं. साहेबांनी सभेत मान हलवली आणि सरपंच ताईंनी लगेच म्हटलं की मान नको, प्रोसिडिंगमध्ये लिहून सही करा. सही झाली. त्या सभेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

बाकी ठरावात काय काय आलं ते एका दमात सांगते, सरळ लाईनीतले टॉवर शक्य तिथं बांधावर घ्यायचे, क्रेन आणि काँक्रीटच्या गाड्या ठरलेल्या वाटेनेच आणायच्या ठिबकच्या नळ्यांवरून नाही, ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत द्राक्षात पाय ठेवायचा नाही, तार ओढायचं काम एप्रिल मे मध्ये, पंचनामा तीन वेळा करायचा म्हणजे फाउंडेशनला, टॉवर उभारणीला आणि तार ओढताना वेगवेगळा आणि त्याची कॉपी तिथल्या तिथं शेतकऱ्याच्या हातात, काम झाल्यावर खडी, काँक्रीटचे तुकडे, तारेचे तुकडे उचलून न्यायचे. शाळेपासून लाईन लांब न्या अशीही मागणी होती पण मोजलं तर शाळा पट्ट्याच्या बरीच बाहेर निघाली त्यामुळे कंपनीने मार्ग बदलला नाही, आणि पालकांची काळजी त्याने मिटलेली नाही हेही खरं आहे.

अर्धा गुण कापला तो प्रोसिडिंगच्या कॉपीसाठी. ठरावाची सही शिक्क्याची नक्कल मिळायला तीन आठवडे लागले, आणि तोपर्यंत पहिला खड्डा एका गटात पडला पण. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे चार गावांचा चार्ज आहे हे मला माहितीये, तरी ठराव झाला त्याच आठवड्यात नक्कल कलेक्टर, प्रांत आणि कंपनी तिघांना पोच घेऊन गेली पाहिजे. तुम्ही फोटो काढून ठेवा रजिस्टरचा, आम्ही काढला म्हणून वाचलो.

प्रांत ऑफिसच्या सुनावणीचा रिव्ह्यू, पाचपैकी अडीच. तारीख पडली, आम्ही गेलो, साहेब दौऱ्यावर, असं दोनदा झालं, आई ६१ वर्षांची आहे आणि एसटीने जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. बसायला व्हरांड्यात एक बाक. तिसऱ्या वेळी मात्र साहेबांनी नीट ऐकून घेतलं, नकाशा टेबलावर पसरून बघितला, कंपनीला विचारलं की हे दोन टॉवर बांधावर का जात नाहीत. इंजिनियर म्हणाला एक जाईल, लाईनीच्या दिशेने पंधरावीस मीटर सरकवता येतो कारण दोन टॉवरमधलं अंतर तेवढं सांभाळून घेता येतं. दुसरा कोपऱ्याचा होता, तिथून लाईन वळते, तो आडवा सरकवला तर पुढचं सगळं बदलतं, नाही जमणार. शेवटी तो सरकणारा आणि गावातला आणखी एक असे दोन टॉवर बांधावर गेले, त्यातला एक आमचा. द्राक्षाच्या ओळी वाचल्या. कोपऱ्याचा टॉवर ज्यांच्या डाळिंबात बसला त्यांचं नुकसान झालंच, आणि त्यांना भेटले की मला अजून अवघडल्यासारखं होतं.

अडीचच का दिले तर जमिनीचा दर. रेडी रेकनरला आमची जमीन जिरायत धरली होती, सातबाऱ्यावर विहीर आणि बाग दोन्ही असताना. ते दुरुस्त करून घ्यायला पीकपाहणी, वीजबिल, द्राक्षविक्रीच्या पट्ट्या (पावत्या) असं सगळं पुन्हा द्यावं लागलं. पीकपाहणी ऑनलाईन वेळेवर करा हो, आमची एका वर्षाची राहिली होती आणि बोट त्याच्यावरच ठेवलं गेलं. ज्यांना कोर्टात जायचंय त्यांच्यासाठी, केरळच्या वीज मंडळाच्या २००७ च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सगळ्यांना एकच फॉर्म्युला लावता येत नाही, जमीन कुठं आहे, लाईन छोट्या तुकड्यावरून जाते का, मधोमध जाते का, किंमत किती उतरते हे बघायचं. दीड एकराच्या मधून लाईन गेली तर उरलेल्याला कोण गिऱ्हाईक येणार, हे त्या निकालाच्या जोरावर मांडता येतं. आमच्यातले चौघे जिल्हा न्यायालयात गेलेत.

कंपनीला शेवटी दोन. कामाचं म्हणाल तर पोरं चांगली होती, परराज्यातली, शंभर फुटांवर दिवसभर उन्हात लटकून काम करायची, आई त्यांना ताक न्यायची. तार ओढणं एप्रिलमध्येच झालं, शब्द पाळला. मांडवाचं अर्थिंग निम्म्या बागांचं केलं आणि ठेकेदार बदलला म्हणून उरलेलं राहिलं. पिकाचे पैसे पहिल्या दोन पंचनाम्यांचे आले, तिसऱ्याचे नाहीत. कॉरिडॉरचे अर्धे आलेत. दोन गटांत खडी अजून तशीच पडलीये. आणि फोन केला की प्रत्येक वेळी वेगळाच माणूस, पहिल्यापासून सगळी कथा सांगा.

एक गोष्ट सभेत आप्पांनी बोलून दाखवली होती ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. एवढी मोठी वीज आपल्या डोक्यावरून जाणार आणि आपल्या मोटारीला मात्र रात्रीची लाईट, थंडीत बारा वाजता साप विंचवात पाणी धरायला जायचं. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं की ही लाईन वेगळी, गावाचा फिडर वेगळा, तो वितरणवाल्यांचा विषय. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ग्रामसभेने तरी दिवसा वीज द्या असा दुसरा ठराव त्याच रात्री केला आणि सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानातली जागा सुचवून पाठवला. त्याचं उत्तर यायचंय.

आता पाऊस सुरू झालाय आणि ओल्या हवेत लाईन गुणगुणते, रात्री अंगणात झोपलं की ऐकू येतं. आई म्हणते सवय होईल. बांधावरचा आंबा गेला, त्याचे मूल्यांकनाचे पैसे मिळाले, पण बाबांनी लावलेला होता. उरलेल्या अर्थिंगसाठी आणि तिसऱ्या पंचनाम्याच्या पैशांसाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायला अर्ज दिलाय, पोच घेतलीये. नकाशा अजून पारावर आहे, कुणाला आखायची पद्धत बघायची असेल तर कमेंटमध्ये सांगा, फोटो टाकते.